वाफ जाऊ दे

रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या गाड्या लागल्या की मला गप्प बसावंसं वाटतं. हे वाक्य माझ्या नवऱ्यानं वाचलं तर तो चष्मा काढून पुसेल आणि पुन्हा वाचेल. कारण बोलणं हा माझा धंदा आहे. लग्न, साखरपुडा, सेवानिवृत्तीचा समारंभ, जयंतीचा कार्यक्रम, जिथं म्हणून माईक आहे तिथं मी सूत्रसंचालनाला उभी असते. पाहुण्यांचा परिचय करून देणं ही माझी खासियत. पाहुणा व्यासपीठाच्या पायऱ्या चढून खुर्चीत टेकेपर्यंत मी त्याचं अख्खं आयुष्य श्रोत्यांपुढं मांडून मोकळी होते. त्यातलं निम्मं त्या पाहुण्यालाही नवीन असतं.

पण भादवा सरत आला, दौलताबादकडची सीताफळं पाट्यांतून शहरात उतरली, उन्हाला थोडी धार आली, की जिभेला आपोआप लगाम बसतो. काल चौकात उभी होते. गाडीवाल्यानं एक फळ अंगठ्यानं दाबून दाखवलं आणि म्हणाला, परसो खाना बाजी, आज नक्को. मी भाव न करता घेतली. तो बिचारा माझ्याकडं बघतच राहिला, कारण मी त्याची जुनी गिऱ्हाईक आहे.

आमच्या बौद्ध घरांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. एरवी गावोगाव फिरणारे भिक्खू आणि भिक्खुणी हे तीन महिने एकाच विहारात मुक्काम करतात. संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, पांढऱ्या साड्या नेसून बाया ऐकायला जातात आणि सकाळी आळीपाळीनं घराघरांतून भोजनदान येतं. लोकांना पावसाळ्यात छत्री आठवते, भजी आठवतात. मला पत्ता आठवतो. वर्षातले हे तीनच महिने माझी आई नेमकी कुठं आहे ते मला माहीत असतं.

पहिल्या वर्षी ती वैजापूरला होती. मग फर्दापूरला, मग पार विदर्भात. यंदा आमच्याच शहरात आहे, घरापासून रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर. आणि गंमत बघा, वैजापूरला मी पहिल्याच आठवड्यात एसटीनं जाऊन आले होते, आणि आता रिक्षाचा रस्ता असून सगळा श्रावण गेला, भादवा चालला, तरी माझं पाऊल उठलं नाही. लांब असलेल्या माणसाला भेटायला जाणं सोपं असतं, एवढंच मला त्यावर सुचतं. खरं कारण मलाही शोधायचंय.

त्यासाठी आईनं घर सोडलं त्या वर्षीच्या वर्षावासाकडं जावं लागेल.

वडील जाऊन बरेच दिवस झाले होते. आई भावसिंगपुऱ्याच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहायची आणि मी लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती मूळची देवगाव रंगारीची. शहरात नांदायला आली, इथल्या वस्तीत अंगणवाडी सेविका झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच एका खोलीत दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी वाढत राहिली. त्या वर्षी मी तिच्याकडं गेले, तर ती अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "मला आता चीवर घ्यायचंय. धा दिवसांचं नाय. कायमचं."

दहा दिवसांची श्रामणेर दीक्षा आमच्याकडं नवी नाही. लोक सुट्टी काढून मुंडण करतात, दहा दिवस चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, घालतात आणि अकराव्या दिवशी कामावर हजर होतात. कायमचं म्हणजे घर सोडणं. मी विचारलं, तुला घरात काय कमी आहे? तर म्हणाली, काहीच नाय, म्हणूनच तर. मी म्हटलं, माझ्याकडं राहायला ये. म्हणाली, येऊन काय करू, तुझ्या भांड्यांची जागा बदलू?

एक अट मात्र होती. विहारातल्या थोरल्या आर्याजींची. आर्याजी म्हणजे भिक्खुणी, आम्ही त्यांना असंच म्हणतो. दीक्षेआधी घरच्यांची अनुमती लागते, असा जुना नियम आहे. आईचे आईवडील कधीच गेलेले, नवरा गेलेला, उरले मी एकटी. मी सगळ्यांसमोर अनुमती दिली तरच दीक्षा होणार होती. लेकीच्या लग्नात बापाला विचारतात तसं आईच्या संन्यासात लेकीला विचारणार. मला हसू आलं.

"तू व्हय म्हण नायतर नाय म्हण," आई म्हणाली. "पण समजून म्हण." आणि पुन्हा ज्वारी पाखडायला लागली. त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही. ही तिची जुनी पद्धत. आग्रह केला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

भांडण मग मी इतरांशी केलं. देवगावच्या मामाला फोन केला, तर तो म्हणाला, तिच्या मनाला तुझं काहीतरी लागलं असेल, आठवून बघ. शेजारच्या काकू म्हणाल्या, लोक म्हणतील लेकीनं सांभाळलं नाही. नवरा म्हणाला, तुझी आई आहे, तू ठरव. इतका शहाणा सल्ला त्यानं लग्नानंतर कधी दिला नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी चुळबुळत होतं. मी जात्याच चौकस बाई आहे. कुणाच्या घरी गेले तर फ्रिजवर कुठलं चुंबक लावलंय तेसुद्धा बघून येते. माझी आई, जिला मी जन्मापासून ओळखते, ती जे घेण्यासाठी घर सोडायला निघालीय ते आहे तरी काय? दिसतं कसं? हातात येतं का? दौलताबादच्या पुढं, वेरूळच्या डोंगराकडं तोंड करून असलेल्या एका ध्यानकेंद्रात आई अधूनमधून स्वयंपाकघरात सेवा द्यायला जायची. भादव्याच्या शेवटी तिथं बायांचं दहा दिवसांचं मौन शिबिर होतं आणि आई तिथं धम्मसेविका म्हणून असणार होती. मी नाव नोंदवलं. ध्यानासाठी नव्हे, आईवर पाळत ठेवायला. नवऱ्यानं विचारलं, पहिल्या दुपारी परत येशील तेव्हा घ्यायला येऊ का?

दारातच मोबाईल काढून घेतला. मग पर्स, पेन, पुस्तक, अंगठी. नियम सांगितले. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकींच्या डोळ्यांतही बघायचं नाही. याला आर्य मौन म्हणतात. मला वाटलं होतं की बोलणं बंद झालं की शांत वाटेल. कसलं काय. तोंड बंद झालं आणि डोक्यात माईक सुरू झाला. पहाटे घंटा वाजायची, आम्ही शाली गुंडाळून अंधारातून सभागृहाकडं जायचो, ओल्या गवतात चपला चिपचिप करायच्या आणि माझ्या डोक्यात चालू असायचं, सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित बंधुभगिनींनो.

करायचं काय, तर श्वास बघायचा. आत येतो तो, बाहेर जातो तो. लांब नको, छोटा नको, जसा आहे तसा. नाकाच्या खाली, मिशीच्या जागेवर तो कुठं लागतो ते बघायचं. मला हे फारच मजेचं वाटलं. इतक्या लोकांचे परिचय करून दिले, पण स्वतःच्या श्वासाशी आपली काडीची ओळख नव्हती. कधी डाव्या नाकपुडीतनं जास्त येतो, कधी उजव्या. बाहेर जाताना कोमट असतो. राग आला की आखडतो. हे सगळं आपल्या तोंडावर जन्मभर चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही! दुपारी शिबिराच्या बाईंना हळू आवाजात शंका विचारता यायची. मी तक्रार केली की मन काही केल्या थांबत नाही. त्या म्हणाल्या, थांबवायला कुणी सांगितलंय? बघायला सांगितलंय. मला हे पटलं. बघण्यात मी पटाईत आहे.

फक्त मी श्वासाबरोबर बाकीच्या बायांनाही बघत होते. चोरून. बोलता येत नाही म्हटल्यावर मी मनातल्या मनात एकेकीचा परिचय लिहायला घेतला. जांभळ्या शालीतली ताठ मानेची बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, करड्या शिस्तीची, सुनेशी पटत नाही. पुढच्या रांगेतली बारीक पोरगी, सारखी दस्तीनं डोळे पुसणारी, प्रेमभंग, नक्की प्रेमभंग. माझ्या शेजारच्या पलंगावरची धिप्पाड बाई, गादीला पाठ टेकताच घोरायला लागणारी, मोठ्या घरची, नोकरचाकरांची सवय असलेली. परिचय फर्मास जमत होते.

एक परिचय तर मी केव्हाच लिहून ठेवला होता. आईला मी होकार दिलाच, तर दीक्षेच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन करायला मलाच उभं करणार, हे उघड होतं. तेव्हा म्हणायचं, जिनं आयुष्यभर फक्त दिलं, स्वतःसाठी काहीच मागितलं नाही, अशी ही त्यागमूर्ती. बायांचे पदर डोळ्यांना लागले असते.

त्यागमूर्ती रोज सकाळी आणि अकरा वाजता वाढपाच्या टेबलामागं उभी असायची. पांढरी साडी, डोक्याला रुमाल, हात मनगटापर्यंत पिठानं भरलेले. मी ताट पुढं करायचे. ती माझ्या ताटात एक पळी वरण, भाजी, भाकरी वाढायची आणि पुढच्या ताटाकडं वळायची. मान वर नाही, डोळा वर नाही. पहिल्या दिवशी वाटलं, नियम आहे, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी ताट जरा जास्तच वेळ पुढं धरून उभी राहिले. तिनं वाट बघितली, मागच्या बाईचं ताट घेतलं. मी रांगेतून बाजूला झाले आणि रागारागानं नळाकडं चालू लागले. अगं, मी तुझ्यासाठी इथं आले. गुडघे फुटायची पाळी आलीय माझे. एकदा बघ तरी!

आणि तिथंच, हातात ताट घेऊन नळाजवळ उभी असताना, मला अंगणवाडीची खोली आठवली.

माझी पहिली शाळा म्हणजे आईचीच अंगणवाडी. भिंतीवर ढेमसं, दोडकी, कोबी अशी चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, आणि सतरंजीवर आम्ही लेकरं. तिथं आईचा एकच कायदा होता. मला आई म्हणायचं नाही. सगळी पोरं बाई म्हणतात, तूही बाईच म्हणायचं. मी एकदा चुकून आई म्हणाले तर तिनं ऐकलंच नाही. खिचडीच्या वेळी मी पुढं बसले तरी वाढणं रांगेनंच व्हायचं, आणि माझ्या थाळीत इतरांइतकीच खिचडी पडायची. मग बारा वाजता पोरं घरी जायची. आई खोली झाडायची, दाराला कुलूप लावायची, लाल दोऱ्याची किल्ली कुलपातून काढायची. आणि कुलपाचा तो खट् आवाज झाला की मी म्हणायचे, आई. ती म्हणायची, काय गं माये. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात माझं बोट, असे आम्ही घरी जायचो.

घरी गेल्यावर भाकरी. ती तव्यावरून टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकायची आणि बोटाच्या टोकानं वरचा पापुद्रा एका बाजूनं उचलायची. आतली वाफ भसकन वर यायची. म्हणायची, वाफ जाऊ दे, तोंड भाजंल. बोट तिचं भाजायचं. ते ती पदराला पुसायची. वडलांच्या भाकरीचा पापुद्रा तिनं कधी उचलला नाही, आल्यागेल्याच्याही नाही. ते फक्त माझं होतं. मी मोठी झाले, कॉलेजात गेले, लग्न होऊन माहेरी आले तरी ते बोट यायचंच. बाई ती सगळ्यांची होती, पण माझी आई त्या वाफेत होती.

शिबिराच्या मधल्या एका दिवशी गरम भाकऱ्या थेट तव्यावरून टेबलाशी येत होत्या. रांगेत माझ्या पुढं जांभळी शाल. आईनं तिच्या ताटात भाकरी टाकली आणि बोटानं पापुद्रा उचलला. वाफ वर आली. मी बघतच राहिले. मग माझं ताट. भाकरी, बोट, वाफ. मागच्या पोरीचं ताट. भाकरी, बोट, वाफ. मी खांबाआड उभी राहून शेवटच्या बाईपर्यंत बघत होते. एकीचाही पापुद्रा तिनं सोडला नाही. बोट पदराला पुसायची आणि पुढची भाकरी घ्यायची. शब्द मात्र नव्हते. ते मीच मनात म्हणत होते.

मला हे सांगायला काही लाज वाटत नाही, की मला त्या दिवशी मत्सर झाला. उघडा, ठणठणीत मत्सर. ती माझ्याकडं बघत नव्हती त्याचं दुःख कमी होतं. माझं जे होतं ते तिनं जांभळ्या शालीला दिलं, घोरणारीला दिलं, ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती त्यांना दिलं. दुपारच्या बैठकीत हालचाल न करता, डोळे मिटून, मांडी न मोडता बसायचं असतं. मी बसले. बरगडीच्या खाली काहीतरी गरम सुरू झालं. एरवी मी उठून फोन लावला असता, कुणाला तरी सगळं सांगितलं असतं, आणि सांगता सांगता त्याची गोष्ट झाली असती. इथं गोष्ट करायला कुणी नव्हतं. तेव्हा मी नुसतं बघितलं. गरम होतं. मग ते गळ्यापर्यंत आलं. मग डोळ्यांत. मग गुडघा इतका दुखला की मत्सर विसरायला झाला. मग गुडघा विसरून पुन्हा मत्सर आला, पण जरा पातळ होऊन. मला फार नवल वाटलं. इतकी मोठी गोष्ट, जिच्यासाठी मी आईला नाही म्हणणार होते, ती बघत बसलं तर जागा बदलते.

आणि त्या दुपारी मला कळलं की आईच्या घर सोडण्याला माझा विरोध नव्हताच. घर तिनं सोडावं, भांडी सोडावीत, केस सोडावेत. मला सोडू नये. सगळ्यांना वाटून टाकण्यात माझाही वाटा जाऊ नये. मी सभागृहातून बाहेर आले. समोर डोंगर हिरवागार होता, त्यावर वानरं बिनधास्त ओरडत होती. त्यांना मौनाचा नियम नव्हता.

नव्या साधिकांना पाच वाजता मुरमुरे आणि एक फळ मिळायचं. जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. त्या आठवड्यात फळ म्हणजे सीताफळ. मी झाडाखाली बसून ते फोडायचे. डोळे उघडलेलं, मऊ, आत पांढरा गर. एकेक बी तोंडात घोळवून बाहेर काढायला वेळ लागतो. या फळाला घाई चालत नाही. तो वास आणि ती बिनशब्दांची संध्याकाळ माझ्यात अशी काही मिसळून गेली की आता एकाशिवाय दुसरं येत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची प्रार्थना झाली आणि मौन सुटलं. काय तो कलकलाट! बसस्टँडवर पाच गाड्या एकदम लागाव्यात तसा. आणि माझे सगळे परिचय धडाधड कोसळले. जांभळी शाल गारखेड्यात ब्यूटी पार्लर चालवत होती, इतकी हसरी बाई मी पाहिली नाही, आणि मान ताठ का, तर मानेचं दुखणं. बारीक पोरगी म्हणाली, ताई, मला धुळीची ॲलर्जी आहे हो, डोळ्यांतनं पाणीच थांबत नाही. तिचं दिवाळीनंतर लग्न होतं आणि ती खूश होती. आणि माझी मोठ्या घरची घोरणारी वाळूजच्या कंपनीत पाळ्या करत होती. किती वर्षांनी सलग झोपले म्हणून सांगू, असं ती मलाच सांगत होती. मी तोंडावर हात ठेवून हसत राहिले. एकही बरोबर आला नव्हता. मग एकदम मनात आलं, की त्यागमूर्तीचा तरी बरोबर असेल कशावरून?

आई स्वयंपाकघरामागच्या लिंबाखाली परात उलटी ठेवून बसली होती. मी शेजारी बसले. दहा दिवसांनी बोलायची मुभा मिळाली तर मला सुरुवात सुचेना. मग सरळ विचारलं की तू सगळ्यांच्या भाकरीचा पापुद्रा का उचलतेस? ती म्हणाली, भाकरी गरम असते म्हणून. मी म्हटलं, घरी तर फक्त माझाच उचलायचीस. ती विचारात पडली. मग म्हणाली की तेव्हा तिला फक्त माझंच तोंड दिसायचं, दुसऱ्या कुणाचं तोंड भाजेल हे लक्षातच यायचं नाही. आता येतं. आणि तिला ते फार बरं वाटतं. हे शिकायला आणखी वेळ हवाय, म्हणून तिला जायचंय. कष्ट नाही, त्याग नाही, काही नाही. माझ्या आईला उत्सुकता होती! अजून किती तोंडं दिसतील, ही. माझ्यासारखीच चौकस बाई निघाली ती.

मी म्हटलं, पण मग मी तुला काय म्हणायचं?

"अंगणवाडीत बाई म्हणायचीस तवा मी तुझी कमी झाले हुते का?" तिनं विचारलं.

"तेव्हा बारा वाजता तू परत आई व्हायचीस," मी म्हटलं.

मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून समजूत काढेल. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "खोटं कशाला सांगू. आता बारा वाजायचं नाय, माये."

मी रडले. तीही रडली. बारीक पोरीनं लांबून दस्ती आणून दिली.

दीक्षा आश्विन पौर्णिमेला झाली. केस काढताना खाली पडू नयेत म्हणून पांढरं कापड धरतात. एक बाजू मामीनं धरली होती, एक मी. आईची वेणी आधी कापली, मग बाकीचे. खोबरेलाचा आणि शिकेकाईचा वास आला. कापडाला ओझं असं लागलंच नाही. मला वाटलं होतं की जड असेल.

माईक माझ्याच हातात होता. समोर विहार भरलेला. थोरल्या आर्याजींनी विचारलं, हिच्या घरच्यांची अनुमती आहे का? माझ्या आयुष्यात एवढा तयार श्रोतृवर्ग मला कधी मिळाला नव्हता, आणि बोलण्यासारखं इतकं कमी कधी नव्हतं. परिचयाचा कागद मी घरीच टाकून आले होते.

"आहे," मी म्हटलं. आणि माईक बंद केला.

चीवर घालून ती बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांबरोबर तीन वेळा वंदन केलं. एरवी मी पाया पडायला वाकले की राहू दे, राहू दे म्हणायची. आता म्हणाली नाही. सुखी हो, उपासिके, एवढंच म्हणाली, जे ती सगळ्यांना म्हणाली. तिला पालीतलं नवं नाव मिळालं. ते इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही. भावसिंगपुऱ्याच्या घराची किल्ली तिनं आदल्या दिवशीच माझ्या हातात दिली होती. लाल दोरा तोच.

तेव्हापासून वैजापूरला गेले, फर्दापूरला गेले. लांबच्या गावी मी एक उपासिका असायचे, ती एक आर्याजी. दुपारी एसटी पकडायची असायची, म्हणून बारा कधी वाजले ते कळायचं नाही. काल इथवर लिहिता लिहिता मला यंदाचं कारण सापडलं. तिथून निघून मी माझ्या घरी यायचे. इथं मात्र तिचं घर जवळ आहे, कुलूप लावलेलं. तो विहार आणि ते घर, दोन्ही एकाच रस्त्यावर येतात.

तरी आज सकाळी उठले. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. माझ्या भाकऱ्या तिच्यासारख्या गोल होत नाहीत, पण फुगतात. भोपळ्याची भाजी केली, मुगाचं वरण केलं, परवाची सीताफळं आता डोळे उघडून मऊ झाली होती, ती घेतली. शेगडी आणि तवा विहारातच मिळाला. तिथल्या वट्ट्यावर बसून भाकऱ्या पुन्हा गरम केल्या.

आर्याजी ओळीनं बसल्या होत्या, समोर पात्रं. मी पहिल्या पात्रात भाकरी ठेवली आणि बोटानं पापुद्रा उचलला. बोट चांगलंच भाजलं. पदराला पुसलं. दुसऱ्या पात्रात भाकरी, बोट, वाफ. तिसरं पात्र आईचं होतं. डोक्याचे केस पांढऱ्या खुंटांसारखे वाढलेले, हात जरा वाळलेले. भाकरी ठेवली, पापुद्रा उचलला. वाफ आमच्या दोघींच्या मधून वर गेली. तिनं वर बघितलं नाही. पण वाफ पूर्ण जाईपर्यंत तिनं भाकरीला हात लावला नाही. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या, आर्याजी. आणि चौथ्या पात्राकडं वळले. तिथंही पापुद्रा उचलला.

वाढून झाल्यावर पायरीवर बसले. माझ्या शेजारी एक नवीन बाई होती, नुकतीच या भागात राहायला आलेली. ती म्हणाली, त्या तिसऱ्या आर्याजी तुमच्या ओळखीच्या वाटतात. कोण आहेत?

मी, पायऱ्या चढेपर्यंत माणसाचं आयुष्य मांडणारी. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हटलं, "हो. माझ्या अंगणवाडीच्या बाई आहेत त्या."

"वा," ती म्हणाली, "तुमचं नशीब."

बारा वाजत आले होते. आत नळाखाली पात्रं धुण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि दार आतून लोटलं गेलं. त्याला कुलूप नसतं. बाया डबे गोळा करून निघाल्या. मी तशीच बसून होते, जुन्या सवयीनं. मग पिशवीत हात घालून लाल दोऱ्याची किल्ली काढली आणि रिक्षा न करता भावसिंगपुऱ्याच्या रस्त्याला लागले. घर उघडून झाडून घ्यावं, असं मनात आलं होतं. एका हातात किल्ली होती. दुसरा हात मोकळा होता.